रिकामी वाटी परत द्यायची नसते

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीत ड्रॉइंग बोर्डाशी उभा होतो. फोनवर मधुकरराव होते, त्यांचे यजमान. "दत्ताजी, नलू गेली," एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला. मग कोट चढवला, गाडी काढली आणि तडक त्यांच्या घरी गेलो. दारात गाडी लावून उतरताना काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं... काय ते नंतर लक्षात आलं. इतक्या वर्षांत त्या घरी मी गाडीने कधी गेलोच नव्हतो. कायम चालत गेलो, हातात झाकणाची वाटी घेऊन. त्या दिवशी हात रिकामे होते आणि दार उघडायला त्या नव्हत्या.

याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. मी मशिनच्या भागांची ड्रॉइंग काढणारा माणूस. पण नलूताईंबद्दल इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत जे बोललं गेलं, त्यात माझ्या ओळखीच्या नलूताई मला कुठे दिसल्या नाहीत. 'विदुषी' म्हणाले, 'संशोधक' म्हणाले, 'महाराष्ट्राचं नाव उज्ज्वल केलं' म्हणाले. असेल. मला मात्र आठवतं ते त्यांचं दही. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही राहतो ते ट्रॉय हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उत्तरेचं उपनगर. इथली बरीच मराठी मंडळी माझ्यासारखी, गाड्यांच्या धंद्यात पोट भरणारी. नलूताई नागपूरच्या, मानसशास्त्रातल्या एम. ए. मधुकररावांची नोकरी ट्रॉयला आणि नलूताईंची ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत, म्हणून त्या रोज तासभर गाडी हाकत जायच्या आणि तासभर यायच्या. काम काय, तर हार्ट अटॅकमधून उठलेल्या लोकांशी बोलायचं. डॉक्टरांनी काय सांगितलं, तुम्ही त्यातलं काय केलं, आणि केलं नाही तर का नाही. मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा हे ऐकून मला हसू आलं होतं. मी सरळच म्हणालो, "यात शास्त्र कसलं, ताई? डॉक्टरांनी सांगितलं की माणूस करतो. जिवापेक्षा मोठं काय आहे?" त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. ताटात मोदक, मोदकावर तूप. "तसं असतं ना भाऊ, तर माझी नोकरीच गेली असती," त्या म्हणाल्या आणि तुपाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "घ्या, अजून घ्या. तुमच्यासारखे आहेत म्हणून आमची चूल पेटते." आजूबाजूचे खो खो हसले. मी तूप घेतलं. मला काय ठाऊक, पुढच्याच हिवाळ्यात, त्र्याऐंशी साली, मीही त्यांच्या त्या लोकांत जमा होणार होतो.

अटॅक आला तो घराच्या दारातला बर्फ उपसताना. वाचलो. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टर म्हणाला, सिगारेट बंद, तूप बंद, आणि रोज चालायचं. सिगारेट मी त्याच दिवशी सोडली, तूपही सोडलं. चालणं मात्र जमेना. आता हे लोकांना सांगून पटत नाही. पाय धड होते, दम लागत नव्हता, बाहेर सुरेख फुटपाथ होते. मुलगी मीना तेव्हा हायस्कुलात. तिने मॉलमधून पांढरेशुभ्र बूट आणून दिले. ते महिनाभर खोक्यातच राहिले. "डॅड, इट्स जस्ट अ वॉक!" ती म्हणायची. जस्ट अ वॉक... तिला काय सांगू?

माझे वडील पाटकरी होते. फलटणच्या बाजूला, कालव्यावर. पाटकरी म्हणजे पाटाच्या कडेकडेने चालत जायचं, दारं उघडायची, पाळी असेल त्याच्या शेतात पाणी सोडायचं, दारं बंद करत परत यायचं. उन्हातान्हात, आयुष्यभर. साहेब जीपमधून यायचा, कारकून सायकलवरून यायचा, वडील चालत यायचे. माझ्यापुरतं जग असंच लावलेलं होतं, चालणारे खाली आणि बसून जाणारे वर. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो आणि पहिली गाडी घेतली तेव्हा तिचा फोटो आधी वडिलांना पाठवला, मीनाचा नंतर. मी जे शिकलो ते चालायला लागू नये म्हणून शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. आणि आता हा डॉक्टर सांगत होता, उठा आणि चाला. कुठे? तर कुठेच नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं. लोक खिडकीतून बघणार, की हा माणूस कामाविना हिंडतोय.

एकदा शालनच्या आग्रहाने, म्हणजे माझ्या बायकोच्या, निघालो. पुढच्या वळणापाशी शेजारच्या बॉबने गाडी थांबवली. काच खाली करून काळजीने विचारलं, "गाडी बिघडली का?" त्या वस्तीत पायी दिसणारा मोठा माणूस म्हणजे गाडी बिघडलेला माणूस, दुसरा अर्थच नाही. मी काय म्हणावं? म्हणालो, हो, बिघडली. बॉब भला माणूस. म्हणाला, बस. मी बसलो! माझ्याच घरापर्यंत त्याने सोडलं, आणि माझी गाडी दारातच उभी! शालन दारातच होती. "झालं फिरून?" असं म्हणून ती आत गेली.

शालननेच नलूताईंना फोन केला असणार. त्या रविवारी आल्या. मला वाटलं, आता ही बाई प्रश्नांची यादी काढणार. मी तयारीतच बसलो होतो. आल्या त्या शालनच्या हातचा चहा पीत बसल्या. चालण्याचं नाव नाही. इकडचं तिकडचं झालं आणि मग मला विचारलं, "भाऊ, तुमचे वडील काय करायचे?" हा प्रश्न मला इथे कोणी विचारत नसे. इथले लोक विचारतात, तुम्ही काय करता, कुठल्या कंपनीत, पुण्यात घर कुठे. मी सांगायला लागलो आणि सांगतच राहिलो. पाट, दारं, पाळी, चोरून पाणी घेणारे बागाईतदार, वडिलांच्या तळव्यांच्या भेगा. त्या ऐकत होत्या. ऐकताना त्यांची एक लकब होती, चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा आणि तो गार झाला तरी खाली ठेवायचा नाही. मध्येच म्हणाल्या, "आणि चालायचे तेव्हा हातात काय असायचं?" मी म्हणालो, "खांद्यावर खोरं. खोऱ्याशिवाय आमचा बाप घराबाहेर पाऊल टाकत नसे. खोरं नसेल तर बिनकामाचा वाटेन म्हणायचा." त्यावर "अच्छा..." म्हणाल्या. थोड्या वेळाने उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. मी शालनला म्हणालो, बघ तुझी मानसशास्त्रवाली, चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. "काय करून राहिले भाऊ? नाही, एक अडचण झाली. आमचं विरजण बिघडलं. मधुकर गावाला गेलेत, आणि दही नसेल तर मला जेवण जात नाही. शालनकडून चमचाभर आणून द्या ना. गाडीने नका येऊ हं, त्या मोठ्या रस्त्याने फिरून वळसा पडतो. तुमच्या मागच्या शाळेच्या मैदानातून या. आमचं घर दिसतंच तिथून." हे खरं होतं. आमच्या दोन वस्त्यांच्या मध्ये शाळेचं मैदान. गाडीने सिग्नल धरून भलं लांब जावं लागे आणि मैदानातून सरळ रेघ. जवळचा रस्ता असताना लांबचा घेणं हे कोणाही इंजिनिअरला सोसत नाही. शालनने मार्जरिनच्या रिकाम्या डब्यात दही घातलं आणि मी निघालो. पायात मीनाने आणलेले बूट, कारण मैदानात चिखल होता.

गंमत सांगतो. मैदानापलीकडच्या रस्त्याला लागलो तर समोरून पुन्हा बॉब. पुन्हा काच खाली. मी डबा उंच धरून म्हणालो, "डिलिव्हरिंग योगर्ट!" तो हसला, हात केला आणि गेला. मीही हसलो. पाय मोकळे पडत होते. हातात काम होतं ना! मी कोणी भटकणारा नव्हतो, माझ्यावाचून एका घरचं जेवण अडलं होतं.

नलूताईंनी दही घेतलं आणि तो प्लॅस्टिकचा डबा ठेवून घेतला. स्वतःच्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता घालून ती माझ्या हातात दिली. मिशिगनमध्ये त्या वेळी कढीपत्ता म्हणजे सोनं. वाटीच्या काठावर दुकानदाराने ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, 'सौ. नलिनी'. लग्नातली असावी. घरी आल्यावर शालन म्हणाली, "आता ही वाटी परत करायला हवी. आणि रिकामी नाही हं करायची." हे तिने मला सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात गरिबातल्या गरीब घरातूनही शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण भांडं भरलं पाहिजे. तर दुसऱ्या दिवशी वाटीत मोडाची मटकी घेऊन मी गेलो. नलूताईंनी मटकी काढून घेतली, वाटी विसळली, तिच्यात जवसाची चटणी भरली आणि मला दारातूनच दिली. "रिकामी कशी पाठवू, भाऊ?"

आणि हे असं चालू झालं. वाटी त्यांची, पण त्यांच्या घरी कधी मुक्कामाला राहिली नाही. त्यांच्या ओट्यावर पाणी निथळण्यापुरती थांबायची. मी नेली की भरून परत, मी आणली की शालन भरणार, की मी निघालो. सुरुवातीला दोघी बायकांनी चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू असं काय काय भरलं आणि वाटेत निम्मं मीच संपवायचो. चालून चालून माझं वजन वाढलं! डॉक्टर चक्रावला. मग नलूताईंनी शालनला फोनवर काय सांगितलं कोण जाणे, वाटीत पुन्हा कढीपत्ता, मटकी, कारळ्याची चटणी असलं सात्त्विक यायला लागलं.

मला कळलं नव्हतं असं नाही. विरजण मध्ये मध्ये बिघडायचंच त्यांचं, विशेषतः मी दोन दिवस दांडी मारली की. मी गोठ्याच्या शेजारी वाढलेला माणूस, दही इतक्या वेळा बिघडत नसतं हे मला समजतं. एकदा न राहवून विचारलं, "ताई, तुमच्या नागपूरला दही लावायला शिकवत नाहीत का हो?" त्या पापणीही न लववता म्हणाल्या, "नाही ना बाप्पा. आमच्याकडे शेजारी शिकवतात." बस्स. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनी जपून ठेवला. उघड केला असता तर मला थांबावं लागलं असतं. मी मानी माणूस आहे, आणि हे त्यांना माझ्याआधी समजलेलं होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात पोचलो आणि बघतो तर हातात वाटीच नाही. घरीच राहिली. पाय आपोआप आले होते. मी ओशाळलो. नलूताई इतक्या हसल्या की त्यांनी दाराची चौकट धरली. म्हणाल्या, "आता वाटी नसली तरी चालेल तुम्हाला." मी म्हणालो, "मला चालणार नाही." आणि परत जाऊन घेऊन आलो.

त्या स्वतः मात्र काडीचं चालत नसत. मी टोमणा मारला की म्हणायच्या, "मी सांगणारी हो, करणारे तुम्ही. वैद्याच्या घरचे लोक काढा पितात का?" पण आपल्याकडे आल्या माणसाला पोचवायला जायची रीत आहे. आधी त्या दारापर्यंत यायच्या. मग बोलणं संपलेलं नसायचं म्हणून कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत. मग मैदानाच्या कडेच्या मेपलच्या झाडापर्यंत. पुढे पुढे असं व्हायला लागलं की मैदान ओलांडून आमचा दिवा दिसायचा, आणि मग एकट्या कशा जाल म्हणून मी त्यांना परत पोचवायला निघायचो. शालन खिडकीतून बघून म्हणायची, "हे दोघं आज घरी पोचतात की नाही?"

त्या चालण्यातलं बोलणं मला फार आठवतं. नलूताईंना मूल नव्हतं, हे त्यांनी मला एकदाच, मेपलपाशी, सहज सांगितल्यासारखं सांगितलं. आणि त्यांच्या त्या लोकांबद्दल सांगायच्या, नावं कधी घेत नसत. एक म्हातारा गोळ्या घेत नव्हता, कारण गोळ्यांची बाटली बायको उघडून द्यायची आणि ती आता नव्हती. म्हणायच्या, "लोकांना वाटतं त्याला समजत नाही. समजतं हो सगळं, समजण्याचा प्रश्नच नसतो. कोणासाठी करायचं, हा असतो." मी तेव्हा हूं म्हणालो होतो.

मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. त्या चालल्या असत्या, पथ्याने खाल्लं असतं, काहीही केलं असतं तरी टळला असता असा तो नव्हता, असं डॉक्टरांनीच सांगितलं. ऑपरेशन झालं, औषधं झाली. हिवाळ्याच्या तोंडाशी त्या घरी आल्या आणि बैठकीतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. नर्स सांगून गेली, घरातल्या घरात थोडं उठा, चार पावलं टाका, नाहीतर अंगातली असेल ती शक्ती जाईल. मधुकरराव हातापाया पडले. त्या ढिम्म. मी गेलो तर म्हणाल्या, "भाऊ, कशाला? कुठे जायचंय?" हे वाक्य मी ओळखलं. माझंच होतं ते.

मी वाटी घेऊन गेलो होतो, शालनने मऊ मुगाची खिचडी दिली होती. मधुकररावांनी ती ताटलीत काढली. मी वाटी उचलली, स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पालथी ठेवली आणि परत येऊन त्यांच्या उशाशी खुर्चीत बसलो. बसूनच राहिलो. अंधार पडायला लागला. त्या म्हणाल्या, "जात नाही का हो? शालन वाट बघत असेल." मी म्हणालो, "वाटी न्यायची आहे." "मग न्या ना." "रिकामी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या... मग हसल्या. आवाज न करता, पण हसल्या. "चोरा," म्हणाल्या. मधुकरराव पुढे झाले तर त्यांना हाताने मागे सारलं. उठून बसल्या. मग भिंत धरून, मग जेवणाच्या टेबलाची कड धरून, एकेक करत स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघं पुरुष जागेवरच उभे. आतून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा वाटीत चिमूटभर साखर होती.

तसं मग रोजचंच झालं. मी वाटी ओट्यावर ठेवायचो, त्या उठून भरायच्या. कधी साखर, कधी कुंडीतली कढीपत्त्याची एक काडी. नंतर नंतर काडी तोडायला हात वर जाईना, मग साखरच. मी घेऊन यायचो, शालन ती साखर देवापुढे ठेवायची. शेवटच्या आठवड्यातसुद्धा, मी गेलो त्या प्रत्येक दिवशी, त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. शेवटची वाटी दिली तेव्हा दारापर्यंत पोचवायला येते म्हणाल्या. मी म्हणालो, उद्या या. "बरं, उद्या," म्हणाल्या.

तो उद्या म्हणजे मधुकररावांचा फोन.

त्यानंतर मी चालणं सोडलं. बर्फ आहे, कंपनीत काम आहे, सर्दी आहे, माझ्याकडे रोज नवं कारण होतं. वाटी शालनने फडताळात ठेवली होती, साखरेसकट, झाकण लावून. ती तिथे होती तोवर माझी फेरी बाकी होती. परत करून टाकली की झालंच... मग काय उरलं? पण गेल्या रविवारी मी उठलो तर ओट्यावर ती वाटी धुऊन ठेवलेली, साखर देवापुढे, आणि वाटीत ताजं विरजण. "त्या घरात दही उरलं नसेल," एवढंच ती म्हणाली. "मधुकरराव म्हणे घराबाहेर पडत नाहीत."

मैदानात गुडघ्याएवढा बर्फ होता आणि त्यात कोणाची पायवाट नव्हती. हळूहळू गेलो. मेपल, टपालपेटी, दार. मधुकररावांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात नलूताई गेल्या त्या दिवशीचाच स्वेटर. वाटी हातात घेतली, काठावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, ठेवून घेतील आणि दार लावतील. पण ते म्हणाले, "थांबा हं. रिकामी कशी देऊ? नलू रागवेल." आणि आत गेले.

मी बुटांचा बर्फ झटकत दारात उभा राहिलो. आतून कपाटांची दारं उघडल्याचे, लागल्याचे आवाज येत होते. या टोकाला, मग त्या टोकाला. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या घरात चहासुद्धा केलेला नव्हता. "दत्ताजी, साखर कुठे ठेवायची हो नलू?"

शेगडीशेजारच्या खणात, डावीकडे, पोह्यांच्या डब्यामागे. मला चांगलं ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

"बघा ना," मी म्हणालो. "मला घाई नाही."